कोपऱ्यात सापडलेलं उत्तर

कर्ज मागायला आलेल्या माणसाला ‘हो’ म्हणायचं की ‘नाही’, हा सावकारीइतकाच जुना प्रश्न आहे. माणूस कोण, तारण काय, मागचं फेडलं का, एवढं बघून पेढीवरचा माणूस निर्णय घ्यायचा. पण दिलेल्या सगळ्या कर्जांचा मिळून जो ढीग तयार होतो तो कसा असावा, हा प्रश्न वेगळा आहे. एकेक कर्ज चांगलं असूनही ढीग वाईट असू शकतो. या दुसऱ्या प्रश्नाला गणित लावण्याचा इतिहास जेमतेम पासष्ट वर्षांचा आहे. त्यात प्लायवूडचा कारखाना आहे, अमेरिकी हवाई दल आहे, प्राग सोडून आलेला एक गणिती आहे आणि ग्वाल्हेरचा एक मराठी मुलगाही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या विषयावर काहीही वाचायला घेतलं की ‘नफा जास्तीत जास्त कसा करायचा’ यावरच सगळा भर दिसतो. प्रत्यक्ष कोड लिहायला बसलं की कळतं, नफ्याची ओळ एकच असते. बाकीच्या सगळ्या ओळी अटींच्या. अमुक इतकी रोकड हवी, तमुक क्षेत्राला इतक्याहून जास्त कर्ज नको, भांडवल इतकं तरी हवं. उत्तर कुठे जाऊन बसणार हे या अटीच ठरवतात. त्यामुळे अटी कोणी लिहिल्या, कशाला घाबरून लिहिल्या आणि लिहिताना काय सुटलं, हे मला नफ्याच्या गोष्टीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात बँकेपासून फार लांब होते. 1938 साली लेनिनग्राडमध्ये प्लायवूड ट्रस्टची माणसं लिओनिद कांतोरोविच या तरुण गणितज्ञाकडे एक अडचण घेऊन गेली. कारखान्यात वेगवेगळी यंत्रं, लाकडाच्या वेगवेगळ्या जाती, आणि प्रत्येक यंत्राचा वेग प्रत्येक लाकडाला निराळा. काम कसं वाटून द्यावं, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात जास्तीत जास्त माल निघेल? कांतोरोविचने 1939 मध्ये यावर पुस्तिका छापली. त्याच्या लक्षात आलं, की उत्तराबरोबर आणखी एक गोष्ट फुकट मिळते. प्रत्येक अटीला एक आकडा चिकटतो. ती अट किंचित सैल केली तर उत्पादन किती वाढेल, हे तो आकडा सांगतो. आज आपण त्याला शॅडो प्राइस म्हणतो, मराठीत छाया-किंमत म्हणू. जिथे वस्तूची किंमत श्रमातूनच ठरते असा अधिकृत सिद्धांत होता, त्या देशात अशी किंमत बोलून दाखवणं जोखमीचं होतं. त्याचं काम बरीच वर्षं बाजूला पडून राहिलं. नोबेल मिळायला 1975 साल उजाडलं, तेही अमेरिकेत राहणाऱ्या त्यालिंग कूपमन्सबरोबर विभागून.

तिकडे पेंटागॉनमध्ये जॉर्ज डांट्झिग 1947 मध्ये हवाई दलासाठी याच जातीच्या प्रश्नाशी झगडत होता. किती विमानं, किती वैमानिक, प्रशिक्षण कधी, सुटे भाग कुठे. लष्कराच्या भाषेत अशा आराखड्याला ‘प्रोग्राम’ म्हणत. लिनिअर प्रोग्रामिंगमधलं ‘प्रोग्रामिंग’ हे तिथून आलंय. आपण दिवसभर जे करतो त्याच्याशी त्याचा संबंध नाही. इंजिनिअरिंगला ऑपरेशन्स रिसर्च शिकवताना हे कोणी सांगत नाही. तक्ते भरायला लावतात आणि पुढचा चॅप्टर घेतात.

डांट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत डोळ्यांसमोर आणायची तर एक बटाटा घ्या आणि त्याला सुरीने सपाट काप मारत जा. प्रत्येक अट म्हणजे एक काप. सगळे काप मारून उरतो तो अनेक पैलूंचा तुकडा. त्याच्या आतला प्रत्येक बिंदू म्हणजे अटींत बसणारा एक निर्णय. नफा जर सरळ रेषेत वाढत असेल, तर सर्वात जास्त नफा पोटात कधीच मिळत नाही. तो नेहमी एखाद्या कोपऱ्यावर मिळतो, जिथे दोन-तीन काप एकमेकांना भेटतात. सिम्प्लेक्स म्हणजे एका कोपऱ्यावरून कडेकडेने पुढच्या, आणखी चांगल्या कोपऱ्यावर जाणं. हा कोपरा लक्षात ठेवा, पुढे त्यानेच घोटाळा केलेला आहे.

पद्धत होती, यंत्रं नव्हती. सर्वात स्वस्त पौष्टिक आहार कोणता, हा 77 पदार्थांचा आणि 9 अटींचा प्रश्न 1947 मध्ये हाताने चालवायच्या गणनयंत्रांवर सोडवला, तेव्हा त्याला साधारण 120 मनुष्य-दिवस लागले. आज फोनवर हे गणित पापणी लवायच्या आत होतं.

पुढची काही वर्षं लिनिअर प्रोग्रामिंग तेल कंपन्यांत रमलं. अब्राहम चार्न्स आणि विल्यम कूपर यांनी विमानाच्या पेट्रोलचं मिश्रण कसं करावं यावर 1952 मध्ये काम केलं. वेगवेगळ्या प्रतीची तेलं एकत्र करायची, मिश्रण ठरलेल्या गुणवत्तेत बसायला हवं आणि पैसे जास्तीत जास्त मिळायला हवेत. बँकही थोडीफार हेच करते. रोखे, घरकर्जं, धंद्याची कर्जं, थोडी रोकड, असं मिश्रण करायचं, आणि ते तपासनिसाच्या परीक्षेत उतरायला हवं. 1961 मध्ये याच चार्न्सने डी. चेंबर्स यांच्याबरोबर ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात बँकेच्या मालमत्तेवर निबंध लिहिला. बँकेच्या एकूण पोर्टफोलिओला लिनिअर प्रोग्रामिंग लावणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कामांतलं हे एक.

या निबंधात मला सर्वात रंजक वाटते ती त्यांची जोखमीची अट. त्यांनी जोखीम स्वतः मोजली नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे तपासनीस बँकेत येताना एक तक्ता घेऊन येत. कुठल्या प्रकारच्या मालमत्तेमागे किती भांडवल हवं, याची टक्केवारी त्यात होती. चेंबर्स आणि चार्न्सने तो तक्ताच समीकरणांत बसवला. तपासनीस खूश राहील एवढी अट पाळायची आणि मग नफा वाढवायचा. म्हणजे सुरुवातीपासूनच गणितातली जोखीम ही बाहेरच्या कुणीतरी, कागदावर, आधीच ठरवून दिलेली गोष्ट होती.

हे कसं चालतं ते आकड्यांतच बघू. मी लॅपटॉपवर पायथनमध्ये दहा-बारा ओळींची एक काल्पनिक बँक बनवली. तिच्याकडे गुंतवायला 100 कोटी आहेत. सरकारी रोख्यांवर 6 टक्के मिळतात, घरकर्जावर 9, छोट्या धंद्यांच्या कर्जावर 11. पहिली अट: अडीअडचणीला म्हणून किमान 20 कोटी रोख्यांत हवेत. दुसरी अट भांडवलाची. रोख्यांचा जोखीमभार शून्य, घरकर्जाचा 50 टक्के, धंद्याच्या कर्जाचा 100 टक्के, आणि अशा भारित बेरजेच्या 8 टक्के स्वतःचं भांडवल हवं. बँकेचं भांडवल 4.8 कोटी, म्हणजे भारित बेरीज 60 कोटींच्या वर जाता कामा नये.

उत्तर येतं: रोखे 20, घरकर्ज 40, धंदा 40. उत्पन्न 9.2 कोटी. दिसायला अगदी समतोल, एखाद्या शहाण्या बँकरने विचार करून ठरवल्यासारखं. पण शहाणपण वगैरे काही नाही. दोन काप जिथे भेटतात तो हा कोपरा आहे.

आता छाया-किंमती बघा. रोख्यांची अट 1 कोटीने सैल केली, तर उत्पन्न वाढतं फक्त 1 लाखाने. पण ठेवींऐवजी 1 कोटी जास्तीचं स्वतःचं भांडवल आणलं, तर उत्पन्न वाढतं 50 लाखांनी. एका अटीची किंमत रुपयामागे 1 पैसा, दुसरीची 50 पैसे. हे एकदा समोर आलं की बँकेचा संचालक काय करेल हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. तो 50 पैशांच्या अटीभोवती घिरट्या घालेल. कुठून तरी तिला वळसा घालता येतो का, ते बघेल.

खऱ्या बँकेत हे गणित नेऊन बसवण्याचा एक गाजलेला प्रयत्न न्यूयॉर्कच्या बँकर्स ट्रस्टमध्ये झाला. पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमधला प्राध्यापक कल्मन कोहेन आणि बँकेतला फ्रेडरिक हॅमर यांनी 1967 मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये त्याबद्दल लिहिलं. हा निबंध आजही वाचण्यासारखा आहे, कारण बँक म्हणजे तेलाचं मिश्रण नाही हे त्यात समजून घेतलेलं आहे.

तेलाच्या टाकीला भावना नसतात. गिऱ्हाइकाला असतात. ज्या कंपनीला तुम्ही आज कर्ज देता, ती आपल्या ठेवीही तुमच्याकडेच ठेवते. आज नाही म्हणालात, तर ती ठेवींसकट समोरच्या बँकेत जाते. तेव्हा कर्जाची खरी कमाई नुसत्या व्याजात मोजून चालत नाही. त्या कर्जामुळे पुढच्या वर्षी कोणत्या ठेवी आपल्याकडे राहतील, हेही धरावं लागतं. कोहेन आणि हॅमरने हे नातं समीकरणांत आणलं. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या बँक मॅनेजरला हे कुणी शिकवावं लागत नाही, पण ‘माणूस जपावा लागतो’ या वाक्याचं त्यांनी गुणकात रूपांतर केलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्यांना आणखी एक प्रश्न पडला, तो म्हणजे कमाल नक्की कशाची करायची? यंदाच्या नफ्याची, पुढच्या काही वर्षांच्या नफ्याच्या आजच्या किमतीची, की शेवटी भागधारकांच्या हातात जे उरेल त्याची? प्रत्येक उद्दिष्टाला कोपरा वेगळा मिळू शकतो. आणि जोखीम? ती अजूनही तपासनिसाच्या अटीतच बसलेली होती.

जोखमीला स्वतःचा आकडा देण्याचं काम दुसरीकडे आधीच झालं होतं. शिकागोमध्ये हॅरी मार्कोविट्झ नावाचा विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधत होता. मार्गदर्शकाच्या दाराबाहेर वाट बघत असताना तिथे बसलेल्या एका शेअर दलालाशी त्याच्या गप्पा झाल्या, आणि शेअर बाजारावर गणित लावायची कल्पना त्यातून निघाली, असं त्याने स्वतः सांगितलंय. 1952 च्या त्याच्या निबंधाचा गाभा असा: एकेका शेअरची जोखीम बघू नका, ते एकत्र कसे हलतात ते बघा. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मिल्टन फ्रिडमनने ‘हे अर्थशास्त्रच नाही’ म्हणून त्याला छळलं. 1990 मध्ये नोबेल मिळालं तेव्हा मार्कोविट्झने हा किस्सा आपल्या भाषणात सांगितला.

मग बँकांनी हे लगेच का नाही उचललं? कारण कर्ज म्हणजे शेअर नव्हे. शेअरला रोज भाव असतो, त्यामुळे दोन शेअर एकत्र कसे हलतात ते मोजता येतं. कर्जाला भावच नसतो. एक हजार कर्जदार असतील तर त्यांच्या जोड्या होतात 4,99,500. या जोड्यांमधला संबंध मोजायचा कशावरून? शिवाय शेअर दुप्पट होऊ शकतो. कर्जात जास्तीत जास्त म्हणजे ठरलेलं व्याज मिळतं, आणि वाईटात वाईट म्हणजे मुद्दल जातं. वर छत आणि खाली खड्डा. अशा गोष्टीला चढउताराची साधी सरासरी लावून उपयोग नसतो.

ही गाठ सोडवणाऱ्याचं नाव ओल्डरिख वासिचेक. 1968 मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले आणि त्याने देश सोडला. सॅन फ्रान्सिस्कोला येऊन त्याला नोकरी लागली ती वेल्स फार्गो बँकेत. तिथे जॉन मॅकक्वाउन याने बँकेच्या आत गणित करणाऱ्यांचा एक विभाग थाटला होता. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांच्यासारखी मंडळी तिथे सल्लागार म्हणून येत. बँकेच्या पैशावर चाललेलं हे एक छोटं विद्यापीठच म्हणायचं.

1974 मध्ये रॉबर्ट मर्टनने एक साधी गोष्ट मांडली होती. कंपनीची मालमत्ता तिच्या कर्जापेक्षा खाली घसरली की कंपनी बुडते. वासिचेकने 1987 च्या टिपणात ती कल्पना अख्ख्या ढिगाला लावली. प्रत्येक कर्जदाराचं नशीब दोन भागांत तोडायचं. एक भाग त्याचा स्वतःचा: भागीदार पळाला, गोदाम जळालं, धंदा चुकला. दुसरा भाग सगळ्यांचा सामाईक: मंदी, व्याजदर, युद्ध. मग पाच लाख जोड्या मोजायची गरजच उरत नाही. प्रत्येकजण त्या सामाईक भागाशी किती बांधलेला आहे, एवढा एक आकडा पुरतो.

या एका आकड्यात किती ताकद आहे ते बघा. एक हजार कर्जदार, प्रत्येकाची वर्षभरात बुडण्याची शक्यता 2 टक्के. सरासरीने 20 बुडणार. सगळ्यांची नशिबं एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर हजार वर्षांतल्या एखाद्या अतिवाईट वर्षीही ही संख्या 35 च्या आसपास थांबते. पण सामाईक भागाचा सहसंबंध 0.2 धरला, की वासिचेकच्या सूत्रानुसार त्याच अतिवाईट वर्षी सुमारे 226 कर्जदार बुडतात. सरासरी तीच, कर्जदार तेच, प्रत्येकाची फाइल तितकीच स्वच्छ. फरक फक्त ते एकत्र बुडतील का, एवढाच. पेढीवरचा माणूस एकेका गिऱ्हाइकाकडे बघून हे कधीच ओळखू शकला नसता.

1989 मध्ये स्टीफन कीलहॉफर, मॅकक्वाउन आणि वासिचेक यांनी मिळून केएमव्ही नावाची कंपनी काढली, आणि कर्जांच्या ढिगाचं हे गणित ती बँकांना विकू लागली. 2002 मध्ये मूडीजने ती विकत घेतली.

दरम्यान अटींचा तक्ताही मोठा होत होता, आणि त्यातली प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या जखमेचा व्रण होती. 1974 मध्ये कोलोनची हेर्श्टाट बँक बुडाली आणि तिच्या धक्क्यातून बासेल समिती जन्माला आली. ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोने कर्ज फेडता येत नाही असं कळवलं. तेव्हा उघड झालं, की मोठ्या अमेरिकी बँकांनी लॅटिन अमेरिकेला दिलेली कर्जं त्यांच्या स्वतःच्या भांडवलाहून जास्त आहेत. 1988 मध्ये बासेलचा पहिला करार आला. वर माझ्या खेळण्यातल्या बँकेत वापरले ते भार त्यातलेच: श्रीमंत देशांचे सरकारी रोखे शून्य, घरकर्ज 50, खासगी धंदा 100, आणि एकूण भारित बेरजेच्या 8 टक्के भांडवल. फेडच्या तपासनिसाचा तक्ता आता जगभर पोचला.

2004 च्या दुसऱ्या करारात मोठ्या बँकांना हे भार स्वतःच्या आकडेवारीवरून काढायची मुभा मिळाली. त्यासाठी जे सूत्र दिलं गेलं ते वासिचेकचंच. 99.9 टक्क्यांची पातळी, आणि घरकर्जांसाठी सहसंबंध ठरवून दिलेला: 0.15. जगभरातल्या घरमालकांची नशिबं एकमेकांशी किती बांधलेली आहेत, याचं उत्तर एका दस्तऐवजात दोन दशांश स्थळांत लिहिलं गेलं.

गणित करणारी यंत्रणाही तोवर बदलली होती. 1984 मध्ये बेल लॅब्जमधल्या नरेंद्र करमरकर यांनी लिनिअर प्रोग्रामिंगची नवी पद्धत काढली. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला हा मुलगा आयआयटी मुंबईत शिकून अमेरिकेला गेला होता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्यांची बातमी पहिल्या पानावर छापली, आणि एटी अँड टीने त्या पद्धतीचं पेटंट घेतलं तेव्हा ‘गणिताचं पेटंट कसं काय?’ म्हणून भरपूर वादही झाला. बटाट्याच्या भाषेत सांगायचं, तर सिम्प्लेक्स सालीवरून, कडेकडेने चालते. करमरकर थेट पोटातून जातात. लाखो अटी असलेली गणितं त्यामुळे आवाक्यात आली. पोचतात मात्र दोघंही तिथेच, कोपऱ्यावर.

ही ताकद कर्जांच्या गणिताला अगदी वेळेवर मिळाली. 2000 मध्ये टायरेल रॉकफेलर आणि स्टान उर्यासेव यांनी दाखवलं, की ‘सर्वात वाईट एक टक्का प्रसंगांत सरासरी किती नुकसान होईल’ हे माप लिनिअर प्रोग्रामिंगमध्ये बसवता येतं. हजारो काल्पनिक भविष्यं बनवायची, प्रत्येक भविष्याची एक अट लिहायची आणि सोडवायला द्यायचं. पुढच्याच वर्षी उर्यासेव आणि सहकाऱ्यांनी ते उदयोन्मुख देशांच्या रोख्यांच्या ढिगावर चालवून दाखवलं. 1961 पासून तपासनिसाच्या तक्त्यात अडकलेली जोखीम चाळीस वर्षांनी अखेर गणितात स्वतःच्या पायावर उभी राहिली.

आणि नेमकं त्याच काळात कोपऱ्याने दगा दिला.

माझ्या काल्पनिक बँकेकडे परत या. समजा बाजारात एक नवा कागद आला. त्यावर 9 टक्के मिळतात, घरकर्जाइतकेच. पण त्याचा जोखीमभार 50 ऐवजी 20 टक्के आहे. कोडमध्ये एक ओळ वाढवली आणि पुन्हा चालवलं. उत्तर: रोखे 20, नवा कागद 25, धंदा 55, उत्पन्न 9.5 कोटी. आणि घरकर्ज 40 कोटींवरून थेट शून्य. कमी झालं नाही, नाहीसंच झालं. अटीतला एक आकडा हलला आणि उत्तर उडी मारून दुसऱ्या कोपऱ्यावर गेलं.

हा कागद मी कल्पनेतून काढलेला नाही. अमेरिकेत घरकर्ज बँकेने स्वतःच्या वहीत ठेवलं तर त्याचा भार 50 टक्के होता. तीच घरकर्जं एकत्र बांधून त्यांचे रोखे केले आणि त्यांच्या वरच्या थराला पतमापन संस्थेकडून ‘एएए’ शिक्का मिळाला, तर 2001 च्या नियमानंतर त्याचा भार 20 टक्के झाला. घर तेच, हप्ता भरणारा माणूस तोच. कर्ज वहीतून कागदावर गेलं आणि त्यामागे लागणारं भांडवल निम्म्याहून कमी झालं. ज्या अटीची छाया-किंमत रुपयामागे 50 पैसे आहे, तिला वळसा घालायचा रस्ता हाच होता. रस्ता दिसल्यावर त्यावर गर्दी होणारच होती.

ऑप्टिमायझेशन करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपण बुद्धिमान म्हणतो, पण मला ते पावसाच्या पाण्यासारखं वाटतं. गच्चीवर कुठे चीर आहे हे तुम्हाला माहीत नसतं, पाण्याला बरोबर सापडते. अटींच्या तक्त्यात जिथे आकडा खरा नाही, जिथे जोखीम आहे पण भार लिहिलेला नाही, उत्तर तिथेच जाऊन साचतं. तपासनीस चूक करतो ती एका ओळीत. ऑप्टिमायझर त्या ओळीवर अख्खी बँक नेऊन ठेवतो. एकच बँक असती तरी निभावलं असतं. पण सगळ्या बँका तोच तक्ता वापरत असतील, तर सगळ्या एकाच कोपऱ्यात जमतात. मग वेगवेगळ्या शहरांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या कर्जदारांची नशिबं खरोखरच बांधली जातात, कारण त्यांना कर्ज देणारे सगळे एकाच वेळी हात आखडता घेतात. सहसंबंध मोजायची गोष्ट होती. मोजमापानेच तो वाढवला.

2008 मध्ये पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या हजारातले 226 कोण, तर ज्यांचे हप्ते थांबले आणि घराला कुलूप लागलं ते. मॉडेलमध्ये त्यांना नाव नव्हतं, क्रमांकही नव्हता. एका वितरणाच्या शेपटीतला भाग, एवढीच त्यांची ओळख. दोष वासिचेकच्या सूत्राचा होता असं मी म्हणणार नाही. सूत्राने तर 226 हा आकडा आधीच दाखवला होता. सहसंबंध किती धरायचा हे मात्र घरांच्या किमती वाढत्या असलेल्या वर्षांवरून ठरवलं गेलं.

जिथे कोहेन आणि हॅमरने हे काम सुरू केलं होतं, त्या बँकर्स ट्रस्टचं काय झालं, तेही सांगण्यासारखं आहे. 1970 च्या दशकात त्याच बँकेने प्रत्येक व्यवहाराचा नफा त्याच्या जोखमीच्या मानाने मोजायची पद्धत काढली. जगभरच्या बँका पुढे ती शिकल्या. 1994 मध्ये तिने विकलेल्या डेरिव्हेटिव्हमध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलसारख्या गिऱ्हाइकांचं मोठं नुकसान झालं, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 1999 मध्ये बँक डॉइश बँकेच्या पोटात गेली. कर्ज दिलेल्या गिऱ्हाइकाच्या ठेवी पुढच्या वर्षी आपल्याकडे राहतील का, हा प्रश्न समीकरणात लिहिणारी हीच ती बँक.

भारतात या गणिताची एक वेगळीच शाखा आहे, आणि ती बघितल्याशिवाय मला हा विषय पुरा वाटत नाही. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर आपल्या तक्त्यात अशी एक अट आली, जी जोखमीबद्दल नाहीच. बँकेच्या कर्जांपैकी 40 टक्के अग्रक्रम क्षेत्राला, त्यात 18 टक्के शेतीला, आणि आता त्यातही 10 टक्के छोट्या आणि अल्पभूधारक शेतकऱ्यांना. तपासनिसाची अट बँकेला वाचवण्यासाठी होती. ही अट बँकेने ज्याच्याकडे आपणहून बघितलं नसतं त्याच्यासाठी आहे.

अट आहे म्हणजे छाया-किंमतही असणार. कांतोरोविचची ती किंमत कागदावरच राहिली. आपल्याकडे ती चक्क बाजारात विकत मिळते. एप्रिल 2016 पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर या यंत्रणेवर अग्रक्रम कर्जाची प्रमाणपत्रं विकली आणि घेतली जातात. ज्या बँकेने लक्ष्यापेक्षा जास्त कर्ज वाटलं, ती ‘जास्तीचं वाटप’ प्रमाणपत्राच्या रूपात विकते. ज्या बँकेला कमी पडलं, ती पैसे मोजून ते घेते. कर्ज मूळ बँकेकडेच राहतं, बुडण्याची जोखीमही तिचीच. हातबदल होतो तो फक्त अट पूर्ण केल्याच्या श्रेयाचा.

चार प्रकार आहेत: शेती, छोटे आणि अल्पभूधारक शेतकरी, सूक्ष्म उद्योग आणि सर्वसाधारण. सर्वात जास्त भाव साधारणपणे छोट्या शेतकऱ्यांच्या प्रमाणपत्राला येतो, सर्वात कमी सर्वसाधारणला. म्हणजे दोन एकरवाल्या शेतकऱ्याचं खातं स्वतः उघडण्यापेक्षा, दुसऱ्या बँकेने ते उघडल्याचं प्रमाणपत्र घेण्यासाठी बँका सर्वात जास्त पैसे द्यायला तयार असतात. तालुक्याला शाखा उघडा, माणूस नेमा, सातबारा तपासा, वसुलीला गावात जा, या सगळ्याची किंमत ई-कुबेरवर टक्क्यांत दिसते.

हा बाजार वाईट आहे असं मला वाटत नाही. ज्या बँकेचं जाळं गावात आहे तिने कर्ज द्यावं आणि जिचं नाही तिने त्याचे पैसे भरावेत, यात गणिताने काही चूक नाही. एकूण उद्दिष्ट पूर्ण होतं, खर्च कमी होतो. फक्त त्या शेतकऱ्याला आपल्या पीककर्जाची अशी एक किंमत आहे, आणि ती मुंबईतल्या दोन कार्यालयांमध्ये ठरते, हे कोणी सांगत नाही. त्यातला काही हिस्सा त्याच्या व्याजदरात उतरतो का, ही अट मात्र कुठल्याच तक्त्यात नाही.

प्रमाणपत्रांची मुदत दरवर्षी 31 मार्चला संपते. घेतलेलं असो वा विकलेलं, त्या दिवशी सगळी रद्द होतात. 1 एप्रिलला अटींची ओळ पुन्हा तिथेच असते, आणि कमी पडणाऱ्या बँका परत भाव बघायला येतात.